दुहेरी काळं कापड

बाटली हिरवी निघाली, आणि ती हिरवी निघायला नको होती.

धाकटीने ती खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि परत आणून टेबलावर ठेवली. शेजारची बाटली गडद हिरवी होती, ती तशी असायलाच हवी होती. दोन्ही बाटल्यांत एकच जिवाणू, एकच क्षारांचं पाणी. एकीला दिव्याखाली उघडं ठेवलं होतं, दुसरीला त्याच दिव्याखाली, पण काळ्या कापडाच्या खोळीत. उघड्या बाटलीत वाढ व्हायची आणि खोळीतल्या बाटलीत व्हायची नाही, या एका फरकावर तिचा प्रबंध उभा होता. आता फरक उरला होता तो गडद आणि फिकट एवढाच.

तिला घरी धाकटी म्हणत. प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलं, कारण सुरुवातीच्या दिवसांत ताईने ऑफिसच्या फोनवर फोन करून सरळ "धाकटी आहे का?" असं विचारलं होतं आणि फोन नेमका भिंगाने घेतला होता. भिंग म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा संशोधक. त्याचा एक डोळा कायम सूक्ष्मदर्शकाला लावलेला असे आणि दुसरा इतरांच्या चुकांवर.

जिवाणू कुठल्या दूरच्या समुद्रातून आणलेले नव्हते. संस्थेच्याच आवारात पाण्याची एक मोठी टाकी होती. तिच्या मागच्या, कधीच ऊन न लागणाऱ्या भिंतीवर शेवाळाचा जाड थर जमला होता. धाकटीने तो थर सुरीने उचलला आणि वरचं हिरवंगार शेवाळ बाजूला सारून त्याच्या तळाचा काळपट पापुद्रा घेतला. तिला हवं होतं ते तळाशीच राहणारं होतं.

साध्या हरितद्रव्याला निळा आणि लाल उजेड लागतो. लाल रंगाच्या पलीकडे एक उजेड असतो, जो माणसाच्या डोळ्याला जेमतेम जाणवतो किंवा जाणवतच नाही. झाडाची पानं आणि वरचं शेवाळ त्याला हात लावत नाहीत, तो त्यांच्यातून तसाच आरपार खाली जातो. त्यामुळे थराच्या तळाशी पोचतो तो मुख्यतः हाच. तिथले बहुतेक जीव उपाशी राहतात. काही जिवाणू मात्र आपला कारखानाच बदलून घेतात. आपल्या नेहमीच्या हरितद्रव्यात ते एका निराळ्या प्रकारच्या हरितद्रव्याची थोडीशी भर घालतात. त्याला शास्त्रात 'एफ' म्हणतात आणि ते हा पलीकडचा उजेड पकडतं. उजेड गोळा करणारा सगळा सांगाडा ते त्याभोवती नव्याने बांधतात आणि त्या कमी शक्तीच्या उजेडावरसुद्धा पाणी फोडून प्राणवायू सोडतात, हवेतून कार्बन घेऊन वाढतात. धाकटी बाटल्या ज्या कपाटात ठेवी, त्यातले दिवे फक्त हाच पलीकडचा उजेड देत.

हे तिने ताईला एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. ताईचं स्वतःचं शिवणकामाचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट कापडाच्या भाषेत आणल्याशिवाय तिला पटत नसे. ऐकून घेऊन ती म्हणाली होती, "म्हणजे वरच्यांनी टाकलेली कातरणं वापरून हे अंगरखे शिवतात." धाकटीने ते वाक्य पुढे एका भाषणात वापरलं. ताईचं नाव घेतलं नाही म्हणून ताईने आठवडाभर टोमणे मारले.

खोळी ताईनेच शिवल्या होत्या. प्रयोगशाळेची पद्धत वेगळी होती: बाटली अंधारात ठेवायची तर तिला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा. पण नमुना काढायला कागद उलगडला की तो फाटायचा, चुरगळायचा आणि कपाटाच्या तळाशी चंदेरी चुरा साठायचा. धाकटीला हा गबाळा कारभार बघवेना. तिने बाटल्यांचं माप ताईला दिलं. ताईने बाहेरून काळं कापड आणि आतून डब्याच्या पिशवीला लावतात ते चंदेरी अस्तर लावून नेटक्या खोळी शिवल्या, तोंडाला नाडी घातली. भिंग म्हणाला होता, इतके छान कपडे त्याला लग्नातही मिळाले नव्हते. पुढच्याच महिन्यात त्याने स्वतःच्या बाटल्यांसाठी गुपचूप माप पाठवलं.

त्या खोळी घालून केलेल्या पहिल्या प्रयोगात खोळीतली बाटली स्वच्छ राहिली होती. निकाल चांगला होता. पण मॅडम, म्हणजे धाकटीच्या मार्गदर्शक, एकदा मिळालेल्या निकालाला निकाल म्हणत नसत. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. हे जिवाणू वाढायला आठवडेच्या आठवडे घेत. ते सगळे थांबून झाल्यावर आज ही फिकट हिरवी बाटली समोर आली होती.

मॅडमनी बाटली पाहिली, चष्मा काढला आणि पुन्हा पाहिली. मग जे सांगितलं त्याचा अर्थ सरळ होता. अंधारात वाढ झाली, म्हणजे हे जीव उजेडावर जगत नसावेत. पाण्यातलं काहीतरी खात असतील किंवा बाटलीत दुसरंच काही शिरलं असेल. तसं असेल तर पलीकडच्या उजेडाची गोष्ट संपली. महिनाअखेरीला विभागाची समिती बसणार होती. धाकटीला आणखी एक वर्ष द्यायचं की तिची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला द्यायची, हे समिती ठरवणार होती. जागा गेली असती तर प्रबंधही अर्धवट राहिला असता, कारण ते दिवे, ती कपाटं आणि ती यंत्रं घरी नेता येत नाहीत.

भिंगाने दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, खोळीची शिवण उसवली असेल, तिथून उजेड आत गेला असेल. दुसरी त्याने आवाज खाली आणून सांगितली: समितीपुढे पहिल्याच प्रयोगाचा आलेख ठेवावा आणि दुसरा अजून चालू आहे असं म्हणावं. त्याच्या मते यात खोटं काही नव्हतं, फक्त थोडा उशीर होता. धाकटीला त्याचा राग आला नाही. तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

तिने आधी बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दुसरं काही शिरलेलं नव्हतं. तिचेच जिवाणू होते, धडधाकट. मग ती खोळी घेऊन ताईकडे गेली.

शिवण उसवली असेल हा संशय ताईला झोंबला. "माझी शिवण?" ती म्हणाली. "त्या तुझ्या भिंगाला म्हणावं, आधी स्वतःच्या शर्टाची बटणं लाव."

पण तिने खोळी उलट्या केल्या आणि एकेक शिवण बोटाने ताणून पाहिली. मग कपडे घालून बघायच्या छोट्या खोलीत शिरली, पडदा ओढला, मोबाइलचा दिवा खोळीत घातला आणि नाडी आवळली. धाकटीही मागोमाग आत शिरली. दोघी त्या अरुंद जागेत एकमेकींच्या कोपरांना लागत उभ्या राहिल्या. खोळीतून तिळाएवढाही उजेड येत नव्हता. ना शिवणीतून, ना कापडातून.

"बघ," ताई म्हणाली. "आणि ही तर दुहेरी केलीय मी. आधीपेक्षा दाट आहे."

धाकटीला ते आठवलं. पहिल्या प्रयोगानंतर खोळी स्पिरिटने पुसून पुसून आतलं चंदेरी अस्तर तडकलं होतं, त्याच्या खपल्या बाटलीच्या गळ्याशी दिसायला लागल्या होत्या. तिने खोळी दुरुस्तीला दिल्या. ताईने फोन करून सांगितलं होतं की अस्तर टाकून दिलं आहे आणि त्याऐवजी तेच काळं कापड आतूनही घातलं आहे, अगदी उत्तम प्रतीचं, ज्याचे हॉटेलातल्या वेटरांचे कोट शिवतात ते. धाकटीने छान म्हटलं होतं. खोळी आल्यावर तिने त्यातली एक डोळ्यांना लावून खिडकीकडे पाहिलं होतं. मिट्ट काळोख होता. तिचं समाधान झालं होतं.

खोळीत खोट नव्हती, म्हणजे खोट जिवाणूत होती. धाकटी बाकावर बसली. ताईने विचारलं, समितीत कोण कोण असतं, ओळखीचं कुणी आहे का. धाकटी म्हणाली की तिथे ओळख चालत नाही. ताई म्हणाली की ओळख सगळीकडे चालते, फक्त आपली नसते.

दुपारची दुकान बंद करायची वेळ झाली होती. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवे घालवले. दुकानात अंधारून आलं. गल्ल्यावर एक छोटा पडदा होता, त्यावर दुकानात नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसे. दिवे जाताच चित्र क्षणभर काळं झालं आणि मग करड्या रंगात परत आलं. भाऊजी त्याच्याकडे बघून चिडले. कॅमेरा बसवणाऱ्याला ते दोनदा बोलावून चुकले होते आणि दोन्ही वेळा त्याने कॅमेरा ठीक आहे असं सांगितलं होतं.

"आमच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय," ताई म्हणाली. "दिवा घालवला की त्याला सगळे काळे कोट पांढरे दिसतात. उद्या चोर आला तर पोलिसांना काय सांगू, पांढरे कोट गेले?"

धाकटीने सहज मान वळवली. भिंतीलगत दांडीवर वेटरांचे कोट ओळीने टांगलेले होते. डोळ्यांना ते अंधारात काळेकुट्ट दिसत होते. पडद्यावर तेच कोट फिकट राखाडी, जवळजवळ पांढरे होते आणि त्यांच्यावर काळ्या बटणांची रांग उठून दिसत होती. बटणं काळीच राहिली होती.

ती उठून पडद्यापाशी गेली. मग कोटांपाशी गेली, मग पुन्हा पडद्यापाशी. भाऊजींनी विचारलं की त्यांच्या कॅमेऱ्याचं तिला काय कळतं. कॅमेऱ्याचं तिला फारसं कळत नव्हतं, पण एवढं माहीत होतं की तो अंधारात माणसाला न दिसणारा उजेड स्वतःच टाकतो आणि त्याच उजेडात बघतो. तो उजेड लाल रंगाच्या पलीकडचा असतो, तिच्या दिव्यांपेक्षाही बराच पलीकडचा. त्या उजेडाला हे कापड अडवत नव्हतं. कापडाचा काळा रंग माणसाच्या डोळ्यापुरता होता.

"ताई," ती म्हणाली, "या कापडाचा तुकडा दे."

"केवढा?"

"बोटाएवढा. आणि जुन्या अस्तराचा असेल तर तोही."

ताईने कातरणांच्या पिशवीतून दोन्ही शोधून दिले. अस्तर तिने टाकून दिलं असं सांगितलं असलं तरी ताई काहीच टाकून देत नसे.

प्रयोगशाळेत उजेड मोजायचं यंत्र होतं. त्यात एका बाजूने ठराविक रंगाचा उजेड सोडायचा आणि मध्ये ठेवलेल्या वस्तूतून किती पार होतो ते पलीकडे वाचायचं. धाकटीने काळं कापड दुहेरी करून त्यात अडकवलं आणि निळ्यापासून सुरुवात केली. निळा, हिरवा, पिवळा, केशरी, लाल: यंत्राची रेघ जमिनीला चिकटून सरळ चालत राहिली. लाल संपला आणि रेघ उठली. तिच्या दिव्याच्या रंगाशी पोचली तेव्हा ती फार उंच नव्हती, पण जमिनीवरही नव्हती. कॅमेऱ्याच्या रंगापर्यंत पोचता पोचता ती चांगलीच वर गेली होती. चंदेरी अस्तराची रेघ मात्र शेवटपर्यंत जमिनीलाच चिकटलेली राहिली.

म्हणजे दुसऱ्या प्रयोगात अंधार नव्हताच. कपाटातल्या दिव्यांचा थोडा उजेड खोळीतून आत जात होता आणि थोड्यावरच जगायची या जिवाणूंना सवय होती.

एवढ्यावर ती थांबली नाही, कारण मॅडम थांबल्या नसत्या. 'एफ' प्रकारचं हरितद्रव्य बनवणाऱ्या विकराला, म्हणजे ती क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, स्वतःलाच उजेड लागतो. पूर्ण अंधारात ते बनत नाही. फिकट बाटलीतले जिवाणू नुसतंच काहीतरी खाऊन वाढले असते, तर त्यांच्यात ते नव्याने बनलं नसतं. तिने त्या बाटलीतला थोडा भाग गाळला, रंग वेगळा काढला आणि तपासला. 'एफ' होतं, आणि सुरुवातीला बाटलीत पेरलेल्या थेंबातून आलं म्हणावं त्याहून पुष्कळ जास्त होतं.

मॅडमनी सगळं ऐकलं. आलेख उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"खोळीचं अस्तर बदललंय हे तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"प्रयोग सुरू करायच्या आधीपासून. ताईने सांगितलं होतं. मी डोळ्याला लावून पाहिलं आणि चालेल म्हटलं."

"डोळ्याला," मॅडम म्हणाल्या. "चार वर्षं डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर काम करतेस आणि अंधार डोळ्याने तपासतेस."

मॅडमनी आलेख परत दिले आणि बजावलं की समितीपुढे पहिलं पान खोळीचं असेल. कापड बदललं, मी बदलू दिलं, मी चुकीच्या पद्धतीने तपासलं, हे आधी. जिवाणू नंतर. पहिला प्रयोग एकट्याने ठेवायचा नाही. भिंगाच्या सल्ल्याबद्दल धाकटीने त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण मॅडमही त्याच प्रयोगशाळेत वाढल्या होत्या, असे सल्ले त्यांच्या ओळखीचे होते.

समितीत तिने तसंच केलं. एका वयस्कर सदस्याने खोळ हातात घेऊन ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं की संस्था आता अंधारही शिंप्याकडून शिवून आणते का. बाकीचे हसले. धाकटीने हो म्हटलं आणि तो नीट शिवला गेला नाही असं नव्हे, तर त्याची मागणीच चुकीची दिली होती असं सांगितलं. मग त्याच सदस्याने बराच वेळ कापडाच्या रेघेचा आलेख पाहिला. त्याच्या विभागातही काळ्या कापडाचे पडदे होते.

निर्णय लेखी आला. प्रयोग तिसऱ्यांदा करावा, तोवर जागा राहील. अंधारातली बाटली स्वच्छ निघाली तर पुढचं वर्ष मिळेल, नाही निघाली तर मिळणार नाही.

मॅडमनी मांडणी स्वतः ठरवली. या वेळी चार बाटल्या. एक उघडी, एक अॅल्युमिनियमच्या कागदात, एक चंदेरी अस्तराच्या नव्या खोळीत आणि एक पुन्हा त्याच दुहेरी काळ्या कापडात. धाकटीचं म्हणणं खरं असेल तर मधल्या दोन स्वच्छ राहतील आणि शेवटची पुन्हा फिकट हिरवी होईल. कागदातली बाटली कुणी उलगडायची नाही, नमुनेही काढायचे नाहीत.

नवी खोळ शिवताना ताई म्हणाली की कोटाचं कापड घालताना तिला वाटलं होतं, चांगलंच करतेय. धाकटी म्हणाली की तिलाही तसंच वाटलं होतं. ताई म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तुला वाटायला नको होतं," आणि दोरा दातांनी तोडला. मग जरा वेळाने म्हणाली की बाटल्या उघडायच्या दिवशी ती येणार आहे. तिच्या कापडावर आळ आला होता, निकाल तिच्यासमोर लागायला हवा होता.

मध्ये आठवडे गेले. कपाटातले दिवे लागलेले असूनही विझल्यासारखे दिसत. दार उघडलं तर आत फक्त मंद, मळकट लाली जाणवायची. भिंगाने या काळात एकही विनोद केला नाही, आणि त्यामुळे धाकटीला जास्तच भीती वाटली. घरी ती नोकरीच्या जाहिराती वाचू लागली होती. ताईला ते दिसलं होतं.

ठरलेल्या दिवशी ताई दुकान भाऊजींवर टाकून आली. चांगली साडी नेसून आली होती आणि दारात चप्पल काढू लागली, तेव्हा भिंगाने तिला सांगितलं की इथे उलट पायात काहीतरी असावंच लागतं. "तुम्हीच का ते भिंग?" ताईने त्याच्याकडे बघत विचारलं. तो हो म्हणाला. तिने त्याच्या शर्टाची बटणं नजरेने मोजली. सगळी लागलेली होती.

मॅडमनी कपाट उघडलं. उघडी बाटली गडद हिरवी होती, तिच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मग धाकटीने काळ्या कापडाच्या खोळीची नाडी सोडली. आत फिकट हिरवं पाणी होतं, गेल्या वेळेसारखंच. ताईच्या तोंडून "हात्तेच्या" असं काहीतरी निघालं. मॅडमनी अॅल्युमिनियमचा कागद स्वतः उलगडला. पाणी स्वच्छ होतं.

राहिली ती चंदेरी अस्तराची खोळ. धाकटीच्या बोटांना गाठ सुटेना. ताईने ती तिच्या हातातून घेतली, एका झटक्यात सोडवली आणि बाटली बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली.

"यात तर काहीच नाही," ती म्हणाली.

"नाही ना," धाकटी म्हणाली आणि जवळच्या स्टुलावर बसली.

मॅडमनी बाटली ताईच्या हातून घेतली, तिरकी केली, तळाशी काही साठलंय का ते पाहिलं आणि टेबलावर ठेवली. मग धाकटीला म्हणाल्या की आज या चारही यंत्रावर मोजून घे, समितीला मी कळवते. भिंग आपल्या टेबलाकडे वळला होता. तो तिथूनच म्हणाला की त्याच्या सगळ्या खोळीही दुरुस्तीत दुहेरी काळ्या झाल्या आहेत आणि त्यांचं आता काय करायचं.

"पाठवा दुकानात," ताई म्हणाली. "अस्तराचे पैसे वेगळे पडतील."

ती अजून खोळ हातात धरून उभी होती. तिने ती उलटी केली, अस्तर कुठे तडकलंय का ते पाहिलं, आणि मग सवयीने शिवणीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.